नमुना

पॉलिटेक्निकच्या मागं, सायकल स्टँडच्या पलीकडं
ते चोवीस वर्षं उभं होतं,
पाती काढलेली,
शेपटीला गॅदरिंगचा जुना फलक टेकवलेला.
पावतीवर लिहिलं होतं: शैक्षणिक साहित्य, नग एक.
मुलं त्याला बेडूक म्हणायची.
मीही म्हणायचे.

भंगाराचा भाव ठरवायला माणूस येऊन गेला
त्या दिवशी दाराच्या आतली पट्टी
अंगठ्यानं पुसून पाहिली:
शून्य दोन.
ना पलटणीचं चिन्ह, ना साल.
शेकड्यानं निघतं त्याच्यावर
कुणी शून्य घालत नाही.

बंगळुरूला सात पत्रं धाडली.
एकाचं उत्तर आलं, दप्तर उपलब्ध नाही.
मग एका निवृत्त इंजिनियरचं पोस्टकार्ड:
दोनच बनवली होती. पहिलं चाचणीत पडलं.
पुढचं आठवत नाही.
अक्षर मात्र कुठंच थरथरलेलं नव्हतं.

शिपाई मुलांना सांगायचा,
आपल्याकडं दोन नमुने हायत,
एक शेडात, एक शिकवायला.

फरजाना शिकलगार, तिसरं वर्ष,
रंग खरवडायला बसली.
पणजा तलवारींना धार लावायचा,
हिच्या हातात दवाखान्यातलं ब्लेड.
वर हिरवा, खाली खाकी, त्याखाली पिवळं अस्तर,
आणि अस्तरावर शिसपेन्सिलीनं, घाईघाईत:
डावा बोल्ट. जास्त आवळू नये.
प्राचार्य म्हणाले, पाहुणे यायचेत, एकसारखा रंग मारून टाका.
आम्ही हो म्हणालो
आणि तेवढा चौकोन सोडून मारला.

मस्तकाखालच्या ओतीव कानावर तीन अक्षरं, गु. सु. उ.
वर्षभर मी तो सरकारी संक्षेप समजत होते.
शेवटी उद्यमनगरात, चहाच्या गाड्यावर,
फौंड्रीतला एक पोरगा हसला:
अवो मॅडम, गुंडू सुतार, उद्यमनगर!
गल्लीच्या टोकाला ऱ्हातंय म्हातारं.

माळ्यावर शेकडो नमुने, पंपांचे, चरकांचे, इंजिनांचे,
सागवानी, लाल-काळे रंगवलेले.
मिस्त्रींनी शिडी चढू दिली नाही,
खालूनच बोट दाखवलं:
तिसरा फळा, गोणपाटाखाली.
आमचा कान दोनशे मिलिमीटर,
लाकूड दोनशे दोन पूर्णांक सहा.
थंड होताना धातू आक्रसतो,
हजाराला तेरा,
म्हणून नमुना थोडा मोठा ठेवायचा असतो.
मला वाटलंवतं पंपाचाय, ते म्हणाले.
मालकानं सांगितलं नाही, मी इचारलं नाही.

रिक्षातून आणलं त्यांना.
ते बेडकाभोवती दोनदा फिरले,
कानावर बोटाच्या पेरानं वाजवलं,
थांबून ऐकलं.
ह्यो बरा हाय.
मग माझ्याकडं न बघता:
आनि ते पहिलं? माझाच तुटला का वो त्यात?
नमुना एक, कान दोन ओतल्याले.

माझ्या फायलीत एकशे बारा कागद होते.
माहीत नाही, म्हणाले.

फरजानानं त्यांना आत नेलं, चौकोनापाशी,
आणि वाचून दाखवलं.
त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.
मग बराच वेळ तो बोल्टच बघत बसले.
हे पडल्यावर लिवलंय, म्हणाले,
ज्यानं आवळला, त्यानंच.

पेन्सिल पुरावा होत नाही.
रात्री नोंदवहीत मी लिहिलं, कारण: अज्ञात,
शाईनं, जसं लिहायचं असतं.
खाली दोन बोटं जागा सोडली.

लाकडी नमुना काचेच्या कपाटात ठेवायला मागितला
तर ते उठून उभे राहिले.
काचंत कशाला?
उद्या कुणाला अजून एक ओतायचा झाला तर?
आणि काखेत मारून, गोणपाटासकट,
रिक्षा शोधायला निघाले.